देवाकडे मागावे कसे?



दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून भाविक येतात. त्यांत ख्रिस्ती असतात, तसे इतर धर्मांचेही पुष्कळ असतात. रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात काहीतरी मागणे असते. कोणाला मूल हवे असते, कोणाला नोकरी. कोणाच्या घरी आजारपण असते. कोणाची द्राक्षबाग काढणीला आलेली असते आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून येते. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबेही त्या रांगेत असतात. म्हणून आज आपण मागण्याच्या प्रार्थनेचा थोडा अभ्यास करू या.

एकदा घरभेटीला गेलो असता एका मातेने आम्हांला विचारले, "फादर, आम्ही नऊ दिवस नोव्हेना केली, नवस बोललो, उपास केले. तरी आमचा मुलगा गेला. आमचं काय कमी पडलं?" सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो खरे, पण त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही नुसते तिच्याजवळ बसून राहिलो. आजचा हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला आम्ही उशिरा दिलेले उत्तर आहे.

१. मागण्यात कमीपणा नाही

स्तुती ही श्रेष्ठ प्रार्थना आणि मागणे हा स्वार्थ, असे काहींना वाटते. परंतु आपण रोज म्हणतो त्या प्रभूच्या प्रार्थनेत सात मागण्या आहेत आणि रोजची भाकर ही त्यांतलीच एक आहे. लेकराने बापाकडे मागावे, हे प्रभूलाच मान्य आहे.

मात्र आपल्या गरजा पित्याला आधीच ठाऊक असतात, असेही प्रभू सांगतो (मत्तय ६:८). मग मागायचे कशाला? सुमारे ४१२ साली संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी एक मोठे पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, आपण देवाला माहिती पुरवण्यासाठी मागत नाही. मागता मागता आपलेच अंतःकरण मोठे होते आणि देव जे देऊ इच्छितो ते घ्यायला तयार होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक उलगडा केला. प्रार्थनेने देवाचा बेत बदलत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या द्वारेच द्यायच्या, असा देवाचाच बेत आहे.

आपल्या शेतकरी बांधवांना हे समजायला कठीण नाही. द्राक्षे देवच देतो. पण म्हणून ऑक्टोबरची छाटणी कोणी टाळत नाही. छाटणीने देवावर जबरदस्ती होत नाही आणि छाटणी वायाही जात नाही. प्रार्थनेचेही तसेच आहे.

२. नवस म्हणजे सौदा नव्हे

ख्रिस्तसभा नवसाला मनाई करीत नाही. देवाला मनापासून दिलेले, पाळता येण्याजोगे चांगले वचन, असा त्याचा अर्थ आहे. घोटाळा होतो तो "तू एवढे कर, मग मी एवढे देईन" असे म्हणताना. ही भाषा मार्केट यार्डातली झाली. सौद्यात माल मिळाला नाही, तर दोनच अर्थ निघतात: समोरच्याने फसवले किंवा आपण किंमत कमी दिली. त्या मातेच्या मनात हा दुसरा अर्थ घर करून बसला होता.

कोणी म्हणेल, हन्नानेही नवस केला होता. खरे आहे (१ शमुवेल १). पण तिने काय देऊ केले? जे मूल मागितले, तेच देवाच्या सेवेला. आणि आणखी एक गोष्ट पाहा. मूल पोटात येण्यापूर्वीच, प्रार्थना करून परत जाताना तिचा चेहरा उदास राहिला नव्हता. देवापुढे तिने आपले सारे दुःख ओतले होते.

३. उत्तर 'नाही' असते तेव्हा

गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती पित्याला केली. प्याला टळला नाही. प्रभूचा विश्वास कमी पडला, असे आपण म्हणू का? पित्याचे प्रेम आटले, असे म्हणू का? त्या रात्री देवदूताने येऊन त्याला बळ दिले, असे लूक लिहितो (२२:४३). संत पौलानेही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली (२ करिंथ १२:८-९).

तेव्हा मागणे पूर्ण न होणे ही शिक्षा नाही. मुलगा का गेला, हे आम्ही सांगू शकत नाही आणि सांगता येते असे सोंगही करणार नाही. एवढे मात्र खात्रीने सांगतो: माते, तुमचे काही कमी पडले नाही.

४. बाळ येशूचे मोडलेले हात

बाळ येशूची ही भक्ती प्राग शहरातून जगभर पसरली. १६२८ साली पोलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातील स्त्रीने ती मूर्ती तेथील कार्मेलाइट मठाला दिली. १६३१ मध्ये युद्धात मठ लुटला गेला आणि मूर्ती अडगळीत पडली. काही वर्षांनी फादर सिरिल यांना ती सापडली, तेव्हा तिचे हात मोडलेले होते. परंपरा सांगते की, तिच्यापुढे प्रार्थना करताना बाळ येशू आपले हात परत मागत आहे, असे त्यांना ऐकू आले.

ज्याच्याकडे आपण मागायला जातो, तोही आपल्याकडे मागतो! शेजारच्या आजाऱ्यासाठी रोझरी म्हटली, तर त्याच्या घरी डबाही पोहोचवू या. आपण देवाकडे मागितलेली मदत पुष्कळदा आपल्याच हातांनी जायची असते.

या आठवड्यात एवढे करू या

• संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत प्रत्येकाने आपली गरज स्पष्ट शब्दांत, न लाजता देवापुढे मांडावी.
• स्वतःसाठी एक मागणे मागितले, की दुसऱ्या कुटुंबासाठीही एक मागावे.
• ज्यांचे मागणे पूर्ण झाले नाही, अशा एका घरी जाऊन यावे. उपदेश करू नये. थोडा वेळ सोबत बसावे.

पुढच्या रविवारी मिस्सामध्ये, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी, अशा सर्व कुटुंबांसाठी आपण एक विनंती करणार आहोत. त्या मातेसाठीही.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू