बिनपगारी रजेचा हिशेब

अमरावतीजवळच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापिका म्हणून रुजू होऊन मला वर्षही झाले नव्हते, तोच अकोल्यास माझी आई पक्षाघाताने अंथरुणास खिळली. आणि सर्वोपचार रुग्णालयातून तिला घरी आणल्यावर जवळ राहणारे दुसरे कोणी नसल्यामुळे, शिल्लक असलेली भरपगारी रजा संपताच मी बिनपगारी रजेचा अर्ज दिला व तो मंजूरही झाला. त्या रजेचा खेद मला तेव्हा नव्हता आणि आजही नाही. परंतु पुढे कॅनडाच्या स्थायी वास्तव्यासाठी कागद जुळवू लागले, तेव्हा त्या थोड्या महिन्यांनी माझ्या साऱ्या अनुभवाचा हिशेब कसा पालटून टाकला, हे वऱ्हाडातील घराघरांतून परदेशी जाण्याची सिद्धता करणाऱ्या मुलामुलींना आधी ठाऊक असावे, एवढ्याच कळकळीने हे लिहीत आहे.

कॅनडाची ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजना २०१५ च्या जानेवारीपासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या पद्धतीने चालते. तिच्या पात्रतेचा मूळ दंडक असा की, अर्जदाराने गेल्या १० वर्षांच्या आत, एकाच व्यवसायात, निदान १ वर्ष अखंड आणि सवेतन काम केलेले असावे. आठवड्याला ३० तास या मानाने वर्षाचे १,५६० तास होतात, आणि एखाद्या आठवड्यात कोणी ५० तास राबला तरी ३० च्या वरचे तास जमेस धरले जात नाहीत, म्हणजे रजेत गेलेले आठवडे नंतरच्या जादा कामाने भरून काढण्याची वाटही बंद. आता समजा, एखादा तरुण जुलैत नोकरीस लागला, पुढच्या मार्च, एप्रिल व मे या महिन्यांत तो बिनपगारी रजेवर राहिला, जूनमध्ये परतला आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेर त्याने नोकरी सोडली. त्याच्या दाखल्यावर २० महिने दिसतील, वेतन १७ महिन्यांचे निघेल, आणि तरीही अखंड कामाचे दोन तुकडे ८ व ९ महिन्यांचेच भरल्यामुळे वर्षाची अट एकही तुकडा पुरी करणार नाही. माझी कैफियत नेमकी याच जातीची होती; रजेवरून परतल्या दिवसापासून वर्ष नव्याने मोजावे लागले.

ते वर्ष फुकट गेले असे नाही, पण महाग पडले. या योजनेत १०० पैकी ६७ गुण मिळवावे लागतात. वयाचे पूर्ण १२ गुण ३५ व्या वर्षापर्यंतच असतात आणि पुढे प्रत्येक वर्षाला एक गुण घटतो. माझे ते वय त्याच प्रतीक्षेत उलटले. अनुभवाला १ वर्षासाठी ९, २ ते ३ वर्षांसाठी ११, ४ ते ५ वर्षांसाठी १३ आणि ६ वर्षे व अधिक काळासाठी १५ गुण आहेत, तेव्हा ज्याची नोकरी वर्षाच्या अगदी काठावर मोजली जाते, त्याच्या बाबतीत रजेचे दोन महिनेसुद्धा त्याला खालच्या पायरीवर उतरवतात.

या काळात मला मिळालेला सल्ला मात्र भलताच होता. महाविद्यालयाच्या कार्यालयातील बडे बाबू, मनाने सज्जन गृहस्थ, म्हणाले, “मॅडम, रुजू झाल्याची तारीख अन् कार्यमुक्तीची तारीख, एवढंच लिहितो आपण दाखल्यात. रजा-बिजा कोण लिहितं?” आणि शहरातील एका सल्लागाराने तर, असा दाखला आयता मिळत असता मधल्या महिन्यांचा उच्चार करणे म्हणजे आपल्या हाताने आपले नुकसान, असे मला अधिकारवाणीने बजावले. हा सल्ला घातक आहे. कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याचे ४० वे कलम महत्त्वाची वस्तुस्थिती दडवणाऱ्यास किंवा विपर्यस्त सांगणाऱ्यास ५ वर्षांसाठी प्रवेशास अपात्र ठरवते, आणि दाखल्याने झाकलेले सत्य इतर दस्तऐवज उघडे करतातच: वेतनचिठ्ठ्यांची मालिका मध्येच तुटते, बँकेच्या खात्यात पगार जमा होत नाही, भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात त्या महिन्यांचा भरणा नसतो, फॉर्म १६ वरील वार्षिक वेतन उणे दिसते. बिनपगारी रजा हा अपराध नाही. ती लपवल्याने मात्र निर्मळ माणसाच्या साऱ्या कागदांवर संशयाची छाया पडते.

म्हणून दाखला कसा मागावा ते सांगते. संस्थेच्या नाममुद्रित कागदावर, वरिष्ठांच्या नाव, हुद्दा व स्वाक्षरीसह, आपले पद, कामाचे स्वरूप, नोकरीच्या तारखा, आठवड्याचे तास आणि वार्षिक वेतन व भत्ते ही माहिती त्यात असावी लागतेच. तिच्या जोडीला रजेच्या प्रारंभाची व समाप्तीची तारीख आणि त्या काळात वेतन दिलेले नाही हे वाक्य आपण होऊन घालून घ्यावे. रजामंजुरीच्या आदेशाची प्रत जपावी, आणि अर्जासोबत कारण नमूद करणारे छोटे टिपण जोडावे. शासकीय सेवकांचे काम या बाबतीत सोपे, कारण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ खाली घेतलेली असाधारण रजा सेवापुस्तकात नोंदलेलीच असते. खासगी संस्थांत ती नोंद बहुधा कोणाच्या तरी स्मरणातच राहते.

भरपगारी रजेविषयीही गाफील राहू नये. कॅनडातच मिळवलेल्या अनुभवासंबंधीच्या तेथील मार्गदर्शनात वाजवी सुट्टीचे उदाहरण म्हणून ५२ आठवड्यांत २ आठवड्यांची सवेतन रजा दिलेली आहे. लांबलेल्या रजेला त्यात आधार नाही. आपल्याकडे कायद्याने २६ आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा मिळते, आणि ती घ्यावीच. परंतु ज्या भगिनीला वर्षाची अट गाठायची आहे तिने हे आठवडे अनुभवात न धरता हिशेब करावा, म्हणजे अधिकाऱ्याने ते वगळले तरी अर्ज ढासळणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत आठवड्याला निदान २० तासांचे सवेतन काम मोजतात, आणि परदेशातील ३, ५ व ८ वर्षांच्या कामास अनुक्रमे ५, १० व १५ गुण देतात. तेथेही बिनपगारी काळ वजा करूनच वर्षे मांडावीत.

ज्यांच्या घरी दुखणे आहे त्यांनी रजा जरूर घ्यावी, पण शक्य असेल तर अखंड वर्ष पुरे झाल्यावर घ्यावी, किंवा संस्था तयार असल्यास आठवड्याला ३० तासांचे सवेतन काम राखून उरलेला वेळ घरी द्यावा. आणि दाखला नोकरीत असतानाच मागून ठेवावा. कॅनडाचे निमंत्रण आल्यावर अर्ज पुरा करण्यास केवळ ६० दिवसांची मुदत असते, आणि ते जर मे महिन्यात आले, तर वऱ्हाडातल्या उन्हात सुट्टीवर गेलेल्या महाविद्यालयात स्वाक्षरी करणारे प्राचार्यच जागेवर सापडत नाहीत.