उलाळ झालेला ट्रेलर आणि सुटलेली गाडी

बैलगाडी भरणारास ‘उलाळ’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. कडब्याचे ओझे आसाच्या मागे अधिक पडले की जू बैलांच्या मानेवरून वर उचलते, गळ्याचे पट्टे आवळतात आणि जनावर गुदमरू लागते. म्हणून आपले वाडवडील गाडी भरताना पुढचे-मागचे वजन तोलून घेत, व उभ्या गाडीत मागून चढू पाहणाऱ्या पोरास दटावीत. हेच शहाणपण ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र ट्रेलरवर चढविताना आपण घरी ठेवून येतो, आणि मग उभी केलेली गाडी आपोआप चालू लागते.

असा एक प्रसंग आम्ही जरीपटक्यात प्रत्यक्ष पाहिला. कामठी मार्ग व कोराडी मार्ग यांच्या मधला उत्तर नागपूरचा हा भाग. मराठ्यांच्या निशाणाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत 1947 च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन स्थिरावली, व आज येथील रस्त्यांवर बाजाराची सदैव वर्दळ असते. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर विकत घेतला होता व तो गावी नेण्यासाठी पिकअप गाडी आणि तिच्यामागे दोन चाकी ट्रेलर आणला होता. गल्लीस उतार होता, पण इतका थोडा की कोणाच्या ध्यानातही आला नाही. गाडीचे तोंड उताराकडे होते. ट्रॅक्टरची मागची चाके ट्रेलरच्या काठावर आली न आली तोच पिकअप पुढे सरकली. चढण्याच्या फळ्या निसटल्या, ट्रॅक्टर मागच्या अंगाने जमिनीवर आदळला, आणि पिकअप पंधरा-वीस पावलांवरील विजेच्या खांबास जाऊन भिडली. मधे एका मुलाची सायकल उभी होती, तिचा चुराडा झाला. मूल शेजारच्या दुकानात होते.

गाडीवान पुनःपुन्हा शपथेवर सांगत होता की, हॅण्डब्रेक ओढला होता आणि गिअरही टाकला होता. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आम्ही स्वतः डोकावून पाहिले. मग गाडी सुटली कशी?

याचे उत्तर थोड्या गणितात आहे, व ते वाचकांनी कंटाळा न करता पाहावे अशी आमची विनंती आहे. समजा, ट्रेलरच्या आसापासून जोडाच्या हुकापर्यंत 5 मीटर, आणि आसापासून मागच्या काठापर्यंत 2 मीटर अंतर आहे. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सुमारे 1200 किलो भार असतो. ही चाके काठावर आली त्या क्षणी पुढची चाके जवळजवळ आसावर असतात, म्हणजे त्यांचा तोलाला उपयोग शून्य. तेव्हा हूक 1200 गुणिले 2 भागिले 5, म्हणजे 480 किलोंच्या जोराने वर उचलला जातो. हूक पिकअपच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. ते अंतर सव्वा मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 3 मीटर धरले, तर मागच्या चाकांवरील भार पावणेसातशे किलोंच्या आसपास कमी होतो. आरंभी तेथे 800 किलो असतील, तर आता सव्वाशेच उरले.

आणि हॅण्डब्रेक धरतो तो याच मागच्या चाकांना. गिअर टाकला म्हणजे इंजिन अडवून धरते तेही, अशा बहुतेक पिकअप गाड्यांत, याच चाकांना. दोन कुलुपे लावली खरी, पण दोन्ही एकाच कडीला, आणि ती कडीच दारातून उपटली गेली. सव्वाशे किलो भाराची चाके कोरड्या डांबरावर फार तर 75-80 किलोंचा जोर थोपवतील. गाडी, ट्रेलर व ट्रॅक्टर मिळून 4700 किलो धरले, तर वीस फुटांत एक फूट अशा उतारावरही खाली ओढणारा जोर 235 किलो होतो. शिवाय ट्रॅक्टरचा स्वतःचा धक्का वेगळाच.

यावरून उपाय कोणते ते उघड आहे. पहिला व मुख्य उपाय म्हणजे ट्रेलरच्या मागच्या काठाखाली दोन्ही बाजूंस भक्कम टेकू देणे. मग ट्रेलर उलाळ होतच नाही व पिकअपचे वजन तिच्या चाकांवरच राहते. काळ्या जमिनीत टेकू रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी हवी. टेकूत व काठात दोन बोटांचे अंतर राहू देऊ नये. तेवढी घसरणही गाडी हलविण्यास पुरते. दुसरा उपाय पाचरींचा. त्या पिकअपच्या पुढच्या चाकांना आणि ट्रेलरच्या चाकांना, पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी लावाव्यात. केवळ मागच्या, उचलल्या जाणाऱ्या चाकांना लावून स्वस्थ बसू नये. वाटेवरचा गोल दगड ही पाचर नव्हे, तो चाकाबरोबर घरंगळतो. चढविताना गाडीवानाने पाय ब्रेकवर ठेवून आत बसावे हे चांगलेच, कारण तो ब्रेक चारही चाकांना लागतो. परंतु पाचरीऐवजी माणूस बसविणे आम्हास मान्य नाही.

गावाकडे फळ्या न वापरता बांधाला किंवा दरडीला गाडी लावून ट्रॅक्टर थेट आत घेण्याची रीत आहे. ती सोयीची आहे, पण ट्रॅक्टरची पुढची चाके आत गेली की गाडी पुढे ढकलली जाते, आणि बांध व गाडी यांच्यामध्ये पडलेल्या फटीत मागचे चाक जाते. येथे टेकूपेक्षा पाचरीची गरज अधिक.

शेततळे खोदण्यास येणाऱ्या पोकलेनची (हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले) गोष्ट निराळी. त्याच्या अनेक चाकी ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात. तेथे भय असते ते लोखंडी साखळी चिखलाने माखून लोखंडी फळीवरून घसरण्याचे. फळीवर लाकडी पट्ट्या टाकाव्यात.

आता एक गोष्ट कळकळीने सांगावयाची. गाडी सुटली तर तिच्यामागे धावू नये. जरीपटक्यात गाडीवानाने धावत जाऊन दार उघडले व तो दारात लोंबकळत खांबापाशी पोहोचला. चार बोटांच्या अंतराने त्याचा पाय वाचला. फिरत्या चाकाखाली दगड सरकविणाराचा हातही असाच जातो. ओरडून वाट मोकळी करावी; पत्र्याचे नुकसान होईल ते होवो.

उतरविताना हाच तोल उलट क्रमाने बिघडतो, आणि घर जवळ आल्याच्या घाईत टेकू हटकून विसरला जातो. पाचरींना हातभर दोरी बांधून ठेवावी. काम संपल्यावर त्या बाजूने ओढून काढता येतात, चाकाखाली हात घालावा लागत नाही.