ग्रंथ हाती यावा म्हणून

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. छापील शब्द वाचकापर्यंत पोहोचविणे हे त्या काळी खर्चाचे काम होते. आज महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. ते लॅपटॉपवरून टॅब्लेटमध्ये घेतल्यास वसतिगृहातील विद्यार्थी इंटरनेटविनाही वाचू शकतो.

कृती सोपी आहे. अँड्रॉइड टॅब्लेट यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा. टॅब्लेटच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडून फाइल त्यातील ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये कॉपी करावी. नंतर इंटरनेट बंद ठेवून ती उघडते का, हे पाहावे.

आपली जुनी मराठी टिपणे पाठविताना मात्र दक्षता हवी. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली वर्ड फाइल टॅब्लेटवर अगम्य चिन्हांत दिसते. कारण तो फॉन्ट तेथे नसतो. म्हणून लॅपटॉपवरच तिची पीडीएफ करावी. फॉन्ट फाइलमध्येच सामावला, की अक्षरे शाबूत राहतात.

राजर्षींनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, ती शिकणाऱ्याची अडचण ओळखून. माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे : वसतिगृहास टॅब्लेट भेट द्याल, तेव्हा त्यात बाबासाहेबांचा निदान एक खंड उतरवून द्यावा.