३.४ शास्त्रीय गद्यातील रूपक : ‘शिलारसाची कोठी’

पारिभाषिक संज्ञा एकार्थी असावी, हे आपण मागील भागात पाहिले. तथापि संज्ञा घडते ती बहुधा नेहमीच्या शब्दांतूनच आणि त्या शब्दांचे जुने अर्थ तिच्यासोबत येतात. एका उदाहरणाने हे समजून घेऊ.

हवाई बेटांखाली प्रावरणातील उष्ण खडक संथपणे वर सरकतो. वर येताना त्यावरील दाब घटतो व नव्याने उष्णता न मिळताही तो अंशतः वितळतो. हा शिलारस सभोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर चढतो, खडकात फटी पाडत वाट काढतो आणि किलाउआ ज्वालामुखीच्या माथ्याखाली काही किलोमीटर खोलीवर साठतो. (भूपृष्ठावर आल्यानंतरच त्यास ‘लाव्हा’ म्हणावे.)

या साठ्यास ‘शिलारसाची कोठी’ म्हणतात. कोठी म्हटले की धान्याची कोठी आठवते : पक्क्या भिंतींची, आतून पोकळ, भरता व रिकामी करता येणारी. प्रत्यक्षात तेथे अशी पोकळी नसते. पुष्कळ ठिकाणी स्फटिकांचा दाट लगदा असतो आणि त्यांच्या मधल्या जागेत रस असतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. मे २०१८ मध्ये किलाउआच्या माथ्याखालील शिलारस जमिनीखालून पूर्वेकडे सरकला आणि सुमारे ४० किलोमीटर दूर, लोकवस्तीत उघडलेल्या भेगांतून बाहेर पडला. सातशेहून अधिक घरे नष्ट झाली. इकडे माथ्यावरील जमीन टप्प्याटप्प्याने खचत गेली. ‘कोठी’ या शब्दावर विसंबणारा वाचक म्हणेल, कोठी रिती झाली म्हणून छत कोसळले. वस्तुतः साठ्याचा अल्प भाग निघून जाताच खचणे सुरू झाले होते. ‘ज्वालामुखी’ या शब्दातील ‘मुख’ही असेच फसवे आहे, धोका केवळ मुखाशीच असतो असे ते सुचविते.

मग रूपक त्याज्य मानावे काय? नाही. अदृश्य वस्तूची पहिली कल्पना तेच देते. मात्र ते कोठवर लागू पडते, हे सांगणे शास्त्रीय लेखकाचे कर्तव्य होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘शिलारस’ व ‘लाव्हा’ यांतील भेद एका वाक्यात लिहा.
२. ‘कोठी’ हे रूपक कोठे उपयोगी पडते व कोठे दिशाभूल करते, ते स्पष्ट करा.
३. आपल्या व्यवसायातील एक संज्ञा निवडून तिच्यातील रूपक उलगडून दाखवा.