दुसऱ्या छापाची वाट

जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ साली ऑक्टोबरभर रोज शाईचं एक चित्र काढायचं व्रत सुरू केलं, ते ‘इंकटोबर’. गेल्या वर्षी मी ते धरलं, फक्त शाईच्या चित्राऐवजी जेल प्लेटवर, म्हणजे जिलेटिनच्या मऊ थरावर रंग लावून, कागदावर छाप काढायचे. राहते बोईसरला, नोकरी पालघरला. मधे उमरोळी हे एकच स्टेशन, तरी दिवस कुठे जातो कळत नाही. त्यातला रोज एक तास या छापांसाठी काढला. त्या एकतीस दिवसांतून हाती लागलं ते असं.

१. ऑक्टोबर आपल्याकडे थंडीच्या आधी येतो, थंडी घेऊन येत नाही. प्लेट मी घरीच केली होती: अर्धी वाटी जिलेटिन, दीड वाटी ग्लिसरीन, दीड वाटी उकळतं पाणी. ट्रेमध्ये ओतून वरून कागदाची पट्टी ओढत बुडबुडे काढले, रात्रभर ठेवली, आणि सकाळी आरशासारखी प्लेट तयार! तिसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीपाशी राहिली आणि संध्याकाळी ट्रेमध्ये खीर होती. ऊब लागली की जिलेटिन सैल पडतं, हे वाचलं होतं. आपल्या ओट्याला लागू होईल असं वाटलं नव्हतं. शिवाय जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून होतं हे कळल्यावर आईने ते भांडं स्वयंपाकघराबाहेर काढलं. मग चायना ग्रास आणून पाहिलं. ते समुद्री शेवाळाचं, आईला चालणारं, उन्हाला न बधणारं. पण रोलर फिरवताच त्याला तडे गेले. शेवटी जुन्या पातेल्यात जिलेटिन पुन्हा वितळवलं आणि तास संध्याकाळचा पहाटे पाचला नेला. गाडीच्या आधीची ती वेळ माझी आहे, हे मला या वितळलेल्या प्लेटने दाखवलं.

२. पहिल्या छापात पान नसतंच. प्लेटवर रोलरने अॅक्रिलिक रंग पसरायचा, पान ठेवायचं, कागद दाबून उचलायचा. कागदावर येतो तो पानाभोवतीचा रंग. मधे पानाएवढी पांढरी जागा. पहिले चार दिवस मी हेच छाप जपून ठेवले आणि प्लेट पुसून टाकत राहिले. पाचव्या दिवशी पुसायला फडकं सापडेना, म्हणून पान उचलून तसाच दुसरा कागद टाकला. त्यावर पानाची शीर न् शीर उमटली होती. पानाखाली अडकून राहिलेला रंग तेवढा उरला होता, आणि खरं पान त्यात होतं. एदगार देगा १८७० च्या दशकात मोनोटाइप करायचा, तेव्हा तोही असा फिकट दुसरा छाप काढून त्यावर पेस्टलने काम करायचा. हे मी नंतर वाचलं आणि पुसून टाकलेले ते चार दिवस आठवले.

३. रंग कमी लागतो. फारच कमी. आणि पंखा बंद, नाहीतर तो प्लेटवरच सुकतो.

४. आपल्या गावची चीज आपली असतेच असं नाही. गेरूच्या रंगावर पानाची पांढरी आकृती आली की डहाणूकडच्या वारली घरांच्या भिंती आठवतात. म्हणून नवव्या दिवशी मी कागदातून त्रिकोणी माणसं कापली आणि वारली नाच छापला. छाप स्वच्छ आला, पण बघवेना. लग्नाच्या चौकाला सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंत लिहितात. त्या रेषेमागे देव आहे, लग्नघर आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली, तेव्हाही ती रेषा त्यांच्या घरातून आली होती. माझी कात्रीतून आली होती. मी तो कागद उलटून पाठीवर चिकूचं पान छापलं. चिकूची झाडं आमच्या दारात आहेत, ते मला छापता येतं.

५. मला पानं माहीत नव्हती. इतकी वर्षं इथे राहून साग, पळस, ताड, चिकू, बस्स. स्टेशनबाहेर पाड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, तेव्हापासून त्या जुडीसोबत एखादी डहाळी ठेवू लागल्या. सागाचं कोवळं पान त्यांनी माझ्या तळहातावर चोळून दाखवलं. हात लालभडक. “ताई, रंग कशाला विकत घेता?” म्हणाल्या. प्लेटवर सागाची खालची बाजू लागते. वरची बाजू निम्मंही सांगत नाही. हेही मी पाचसहा पानं वाया घालवून शिकले, त्यांच्या हाताला ते माहीत होतं.

६. खाडा पडला की तो भरून निघत नाही. सतरा ते वीस तारीख घरात आजारपण होतं, प्लेट झाकून पडली. एकविसाव्या दिवशी चार छाप एका बैठकीत काढायचे ठरवले. पण प्लेटवर सोळा तारखेचा रंग सुकून बसला होता, पाण्याने हलेना. मग त्यावरच पिवळ्या रंगाचा पातळ थर दिला, कागद ठेवून दहा मिनिटं थांबले. कागदासोबत जुना निळा सगळा वर आला: कुड्याच्या पानाचे तुकडे, रोलरच्या कडा, माझं एक बोट. तो एकच छाप त्या दिवशी काढला. तारखेच्या जागी ‘१६ ते २१’ लिहिलं.

७. महिना संपल्यावर मावशींना कुड्याचा एक छाप नेऊन दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. “कुडाच हाय,” म्हणाल्या, मग कडेच्या बारीक पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, “इथं अळीनं खाल्लंय.” मी ते पान हातात घेतलं होतं, रंगवलं होतं, दोनदा छापलं होतं. तो ठिपका मला हवेचा बुडबुडा वाटला होता.