अतिवृष्टीच्या प्रदेशातील घरगुती भेषजागार

समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत वर्षाकाठी सरासरी ७५० सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात धुके खिडकीवाटे थेट घरात शिरते. अशा ठिकाणी राहत्या घरातील एखादी खोली औषधांसाठी राखावयाची, तर ती कशी योजावी, याचा विचार येथे करू.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधगृहाचे द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस सांगितले आहे. हा केवळ शुभाशुभाचा विषय नाही, असे आमचे मत आहे. येथे पावसाचा मारा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून होतो. म्हणून घराच्या पूर्वेकडील वा ईशान्येकडील, बाहेरच्या भिंती कमीत कमी असलेली खोली निवडावी. स्वयंपाकघराची भिंत लागून असल्यास ऊब मिळते. तथापि धूर व वाफ आत येता कामा नये. आचार्यांनी अग्नी, जल, बाष्प, धूर, धूळ व उंदीर या सर्वांपासून रक्षण सांगितले आहे.

ऊब का हवी, हे नीट ध्यानी घ्यावे. २२ अंश सेल्सिअसची बाष्पाने संपृक्त हवा २७ अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७४ टक्क्यांवर येते. ३० अंशांना ती ६२ टक्क्यांच्या आसपास असते. ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीस वाव मिळतो. धुक्याच्या दिवशी 'हवा खेळावी' म्हणून खिडकी उघडणे हे औषधांवर पाणी शिंपडण्यासारखेच होय. खिडकी उघडावयाची ती उघडीप पडल्यावर. भिंतीवर आर्द्रतामापक अवश्य टांगावा.

जांभ्याची भिंत ओल धरते. तिच्यावर ऑइलपेंट दिल्यास आतील ओल कोंडून पोपडे सुटतात. चुन्याची सफेदी उत्तम. पडदे, गालिचे, भिंतीवरील कागद, खोटे छत हे सारे या खोलीत वर्ज्य मानावे. सुश्रुताचार्यांनी सांगितलेले फळी, खुंटी, वस्त्र व मृद्भांड यांचे साधे नेपथ्य आजही शोभून दिसते. मात्र मृद्भांड झिरपते. चूर्णे व क्षार घट्ट बुचाच्या काचपात्रातच ठेवावेत. फळ्या भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून हातभर उंच असाव्यात. चरकोक्त पुष्पोपहार उंबरठ्याबाहेरच ठेवावा, कारण फुले आत कुजतात. त्या निमित्ताने खोलीत रोज कोणीतरी डोकावते, हा लाभ लहान नव्हे.

बंद कपाटात कळीचा चुना ठेवावा. एक किलो चुना जवळजवळ ३०० ग्रॅम पाणी शोषतो. तो फुगतो व तापतो, म्हणून पात्र अर्धेच भरावे आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

स्वतःच्या रुग्णांपुरती औषधे करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना २००० साली आलेल्या 'शेड्यूल टी'च्या नियमांतून सूट आहे. बुरशीकडून अशी सूट नाही. लवणभास्कर, यवक्षार, सितोपलादी यांस प्रथम ओल लागते. बुरशी दिसल्यास उन्हात वाळवून, चाळून ते रुग्णास देणे सर्वथा निषिद्ध समजावे, कारण बुरशीजन्य विष वाळविल्याने जात नाही. शार्ङ्गधरांनी चूर्णाची वीर्यमर्यादा दोन मासांची सांगितली आहे, आणि आंबोलीचा पाऊस तर चार मासांचा. तेव्हा ज्येष्ठातच संपूर्ण चातुर्मासाचे चूर्ण करून ठेवू नये, पंधरवड्यापुरतेच कुटावे.