लुतीचे कुत्रे आणि आपले प्रेम



रस्त्यावरच्या पिल्लांना घरे मिळवून देणाऱ्यांचा एक ठरलेला अनुभव असतो. गुबगुबीत, केसाळ, टपोऱ्या डोळ्यांची पिल्ले लगेच जातात. मागे राहते ते लुतीने केस झडलेले, एक डोळा गेलेले किंवा गाडीखाली पाय सापडलेले. कोणाच्या तरी मनात कणव येते आणि तेही घरी नेले जाते. खरी परीक्षा तिथून पुढे. 'हे काय ध्यान आणलंत?' असे पाहुणे विचारतात, शेजारी नाक मुरडतात, मुलांना मित्रांसमोर लाज वाटते. कणवेचा पहिला भर आठ-पंधरा दिवसांत ओसरतो आणि कुत्रे पुन्हा नाक्यावर सोडले जाते. एव्हाना ते दाराची कडी वाजली की शेपूट हलवायला शिकलेले असते. म्हणून हे दुसऱ्यांदा सोडणे पहिल्यापेक्षा वाईट.

जे देखणे नाही त्यावर प्रेम करता येते का, की आपण त्याची नुसती कीव करतो? संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'च्या पहिल्या भागात देवाच्या प्रेमाविषयी लिहिताना एक भेद केला आहे. माणसाचे प्रेम आधी समोरच्यातला चांगुलपणा पाहते आणि मग जागे होते. देवाचे प्रेम चांगुलपणाची वाट पाहत नाही. तेच तो निर्माण करते. सेमिनरीत शिकताना हा भाग कोरडा वाटतो. लुतीच्या कुत्र्याला रोज औषध देणाऱ्या माणसाला तो चटकन कळेल.

कारण लूत म्हणजे काही शाप नव्हे. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे ती होते आणि तिचे मुख्य प्रकार दोन आहेत. एक खरजेसारखा: कुत्रे सारखे खाजवते, कानांच्या कडा आणि कोपरे सोलवटतात. हा दुसऱ्या कुत्र्यांना लागतो आणि माणसालाही काही दिवस खाज आणू शकतो. दुसऱ्या प्रकारचे किडे पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईच्या अंगावरून मिळतात, बहुतेक कुत्र्यांच्या कातडीत ते निमूट राहतात, आणि उपासमारीने किंवा आजाराने अंगातली ताकद खचली की बळावतात. तो माणसाला लागत नाही. कोणता प्रकार आहे हे पशुवैद्य कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतात. दोन्हींवर आज चांगली औषधे आहेत. मात्र गाडीचे जळके ऑइल फासण्याचा गावठी उपाय कृपा करून कोणी करू नये. कुत्रे ते चाटते, ते कातडीतूनही आत जाते आणि विषबाधा होते. योग्य औषध आणि पोटभर खाणे मिळाले, तर काही आठवड्यांत राखाडी, भेगाळलेल्या कातडीवर लव येऊ लागते. त्या लवेखालून तपकिरी, पांढरा, कधी चट्ट्यापट्ट्यांचा रंग निघतो. तो रंग औषध सुरू करणाऱ्याने आधी पाहिलेलाच नसतो.

सगळेच असे भरून येत नाही, हेही सांगितले पाहिजे. डिस्टेंपरमधून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर उडत राहू शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे २०२४ साली 'जगातील सर्वांत कुरूप कुत्रा' ठरलेला वाइल्ड थँग हा पेकिनीज त्यातलाच. पिल्लूपणी डिस्टेंपर झाल्याने त्याचे दात आले नाहीत, म्हणून जीभ बाहेर लोंबते आणि पुढचा एक पाय सतत हलत असतो. स्पर्धेचे नाव मला रुचत नाही. पण तिथे आणलेली अनेक कुत्री कोणीतरी वाचवलेलीच असतात.

तीन पायांचे कुत्रे आपल्या अंदाजापेक्षा लवकर सावरते. शरीराचा अधिक भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा पाय गेला तर अडचण कमी. गुळगुळीत लादीवर ते घसरते, तिथे गोणपाट टाकावे. त्याला लठ्ठ होऊ देऊ नये. एका डोळ्याच्या कुत्र्याला दिसत्या बाजूने, आधी आवाज देऊन हात लावावा. आणि कानाचा तुकडा कापलेला दिसला तर त्याला खोड समजू नये. शस्त्रक्रियेने नसबंदी केल्याची ती खूण आहे.

'गरिबाला द्यायचे ते पैसे कुत्र्यावर का?' हा आक्षेप खोटा नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २४१८ वा परिच्छेद दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे. पण माणसांचे दैन्य निवारण्यासाठी आधी लागणारा पैसा त्यांच्यावर उधळणेही अयोग्य आहे. मला वाटते, हे वाक्य महागडे जातिवंत कुत्रे मिरवणाऱ्याने आधी वाचावे. लिमा शहरातील संत मार्टिन दी पोरेस (१५७९–१६३९) मठाच्या रुग्णालयात माणसांची शुश्रूषा करीत, दारच्या भुकेल्यांना जेवू घालीत, आणि जखमी कुत्र्यामांजरांवरही उपचार करीत. आईचा काळा वर्ण घेऊन जन्मल्यामुळे त्यांच्या स्पॅनिश वडिलांनी आरंभी त्यांना आपले म्हटले नाही, असे चरित्रकार सांगतात. रंगरूपावरून नाकारले जाणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

अक्वायनस यांचे आणखी एक मत आहे: बुद्धी नसलेल्या प्राण्याशी खऱ्या अर्थाने मैत्री होऊ शकत नाही. इथे मला विसाव्या शतकातील फ्रेंच यहुदी तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास आठवतात. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनीत युद्धकैदी होते. पहारेकऱ्यांच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेत त्या यहुदी कैद्यांना माणूसपण उरले नव्हते. मग एक भटके कुत्रे छावणीत येऊ लागले. कैदी त्याला बॉबी म्हणत. सकाळच्या हजेरीला ते हजर असे आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या मळक्या, खंगलेल्या रांगेकडे आनंदाने भुंकत उड्या मारी. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिले. लेव्हिनास यांनी ही आठवण अनेक वर्षांनंतर लिहिली. त्या कुत्र्याच्या लेखी ती माणसे होती, याविषयी शंका नव्हती, असे ते म्हणतात. मैत्री या शब्दाची व्याख्या विद्वानांनी खुशाल तपासावी.

घरी असे कुत्रे आणलेच असेल, तर रेबीजची लस पहिल्या भेटीतच टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी. कोणाला चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. पहिले काही दिवस त्याच्याकडे कोणी टक लावून पाहू नये, डोक्यावर वरून हात नेऊ नये. मार खाल्लेल्या जनावराला वरून येणारा हात एकच अर्थ सांगतो. पाणी आणि भाताची थाळी कोपऱ्यात ठेवावी, त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसावे आणि आपले काम करीत राहावे. वाटल्यास लसूण सोलावा. ते आपणहून जवळ येऊन हात हुंगेल, त्या दिवशी गळ्याखाली हळूच खाजवावे.